भरघोस लिहिणाऱ्यांवरचा खटला

एखाद्या मराठी लेखकाच्या पुस्तकांचा आकडा पन्नाशी ओलांडतो, तेव्हा त्याच्याविषयी बोलणाऱ्याचा आवाज जरा बदलतो. "लिहिलं मात्र भरपूर हं त्यांनी," एवढं म्हणून माणूस गप्प होतो आणि त्या गप्प होण्यातच निकाल लागलेला असतो. इंग्रजीचा सराव असलेला समीक्षक याच जागी 'प्रोलिफिक' म्हणतो. शोकसभेत तो शब्द गौरवाचा वाटतो, परिसंवादात मात्र त्याचा अर्थ 'हात आवरता आला नाही' असा घेतला जातो. जास्त लिहिणारा उथळ आणि मोजकं लिहिणारा अस्सल, हे आपल्याकडे मत म्हणून कुणी मांडतच नाही. ते गृहीत धरूनच पुढचं बोलणं सुरू होतं. हे गृहीत चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे, आणि ते तपासायला कोल्हापूरइतकी सोयीची जागा नाही. मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्याचा. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवत होते. वि. स. खांडेकरांनी अर्धं आयुष्य इथं काढलं. जगदीश खेबूडकर करवीर तालुक्यातल्या खेबवड्याचे आणि बाबा कदमांची वकिली इथल्याच कोर्टातली. आरोपींची एवढी गर्दी एका जिल्ह्यात क्वचितच सापडेल.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. त्याला दुबळा करून पाडण्यात काही शौर्य नाही. तो म्हणतो, चांगलं वाक्य सुचायला, सुचलेलं खोडायला आणि खोडलेलं पुन्हा लिहायला वेळ लागतो. वर्षाला दोन कादंबऱ्या देणाऱ्याजवळ तो कुठून असणार? मग तो एक साचा तयार करतो आणि त्यातून नग काढत बसतो. नायिकेचं नाव बदलतं, गाव बदलतं, गाठ मात्र तशीच पडते आणि तशीच सुटते. शिवाय इतिहासाची साक्ष आहेच. केशवसुतांच्या कविता सुमारे १३५, पण आधुनिक मराठी कविता आपण त्यांच्यापासून मोजतो. बालकवींचं लेखन थोडं, मर्ढेकरांची कविता थोडी. विश्राम बेडेकरांचं नाव घेतलं की १९३९ सालची 'रणांगण' ही एकच कादंबरी आठवते, आणि फडक्यांच्या तर सत्तरहून अधिक. आज यांतलं कुणाचं वाचलं जातं?

प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्यातल्या साक्षीदारांची उलटतपासणी कुणी घेतलेली नाही. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं गेले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. बालकवी १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली सापडले, वय २७. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, वय ४६. यांनी मोजकं लिहिलं हे खरं, पण ते संयमामुळे की आयुष्य संपल्यामुळे? प्लेगच्या गाठीला आपण कलेची शिस्त समजून बसलो आहोत. राहिले बेडेकर. ते कादंबरीत मितभाषी होते, कामात नव्हते. चित्रपट लिहिले, दिग्दर्शित केले, 'टिळक आणि आगरकर' हे नाटक लिहिलं, 'एक झाड आणि दोन पक्षी' हे भरगच्च आत्मचरित्र लिहिलं. त्यांच्या नावावरची एकुलती कादंबरी हा त्यांच्या कामाचा एक कोपरा आहे.

कोल्हापुरात याहून बोलकं उदाहरण आहे, फक्त ते चित्रकलेतलं. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत आले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थाचा परिसर वर्षानुवर्षं चितारत राहिले. हात थांबत नसे असा माणूस. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली बरीचशी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं कोल्हापूरकर सांगत आले आहेत. मागे उरली ती थोडी. आता ती दुर्मीळ, म्हणून मोलाची, आणि आबालाल 'मोजकं पण अस्सल' या रांगेत सहज बसवता येतात. ती दुर्मीळता तळ्यानं केली, चित्रकारानं नव्हे.

साक्षीदार निवडण्यातच आणखी एक खोट आहे. मोजकं लिहून विस्मरणात गेलेले शेकडो कवी आपल्या मोजणीत येतच नाहीत, कारण त्यांचं नावच उरलेलं नाही. गेल्या शतकात पदरमोड करून एकच कवितासंग्रह काढणारे किती झाले असतील! त्यांच्या अल्पलेखनानं त्यांना वाचवलं नाही. आपण फक्त टिकलेले अल्पलेखक मोजतो. उलट भरघोस लिहिणाऱ्याची फसलेली पुस्तकंही वाचनालयाच्या कपाटात दिसत राहतात आणि त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून काढता येतात. एकाची उत्तम पुस्तकं आणि दुसऱ्याची सगळी पुस्तकं समोर ठेवून तुलना करायची, हा न्याय कोणत्या कोर्टातला?

मुळात 'प्रोलिफिक' या इंग्रजी विशेषणाचीही एवढी बदनामी करण्याचं कारण नव्हतं. लॅटिनमध्ये त्याचं मूळ संततीशी जोडलेलं आहे. फळांनी लगडलेलं झाड, भराभर वाढणारी पिलावळ, धावांचा रतीब घालणारा फलंदाज, सगळ्यांना ते लागतं; इंग्रजी वर्तमानपत्रं तर अट्टल चोरालाही ते लावतात. संख्येपलीकडे ते काहीच सांगत नाही. मराठी टीकेतलं 'बहुप्रसव' तसंच कोरडं आहे. घोटाळा होतो तो 'सिद्धहस्त'मुळे. भरपूर लिहिणाऱ्याला आपण सौजन्यापोटी सिद्धहस्त म्हणतो, मग हस्त काही सिद्ध नव्हता असं लक्षात आलं की संख्येवर राग काढतो.

हा राग आला कुठून, याची एक गोष्ट इंग्लंडात घडलेली आहे. अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करी, भल्या पहाटे उठून समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला २५० शब्द या हिशेबानं लिही. अशा ४७ कादंबऱ्या त्यानं लिहिल्या. हा सगळा हिशेब त्यानं आत्मचरित्रात प्रामाणिकपणे सांगितला. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये ते छापलं गेलं आणि त्याची प्रतिष्ठा घसरली. वाचकांनी वर्षानुवर्षं आवडीनं वाचलेल्या कादंबऱ्यांतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते एवढंच की, त्या घड्याळ लावून लिहिल्या होत्या हे लोकांना कळलं. प्रतिभा म्हणजे अवचित येणारं वारं, ही कल्पना ज्यांनी मनाशी धरली होती, त्यांना कारकुनी शिस्तीतून आलेली कादंबरी सहन होईना. आपल्या पदवी वर्गांतून मराठीत उतरली ती हीच कल्पना असावी, असा माझा तर्क आहे. कारण त्याआधीच्या मराठीत ती दिसत नाही. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला आणि तो पुरा करण्याचं काम तुकोबांकडे आलं, ही वारकरी परंपरेतली आठवण पाहा. तिथं विपुलता हा दोष नाही, तो नवस आहे. कोटीचा आकडा अर्थातच श्रद्धेचा आहे, पण थोडं लिहावं म्हणजे खरं ठरेल, असं त्या परंपरेत कुणाला वाटलेलं नाही.

आता मोरोपंत. १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्म, तिथंच केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे अध्ययन, मग बारामतीला बाबूजी नाइकांच्या आश्रयाला, आणि तिथंच १७९४ मध्ये शेवट. सगळी रचना पाऊण लाखाच्या आसपास भरते असं मानतात. त्यात एकट्या रामायणाच्या १०८ आवृत्त्या. विपुलतेची थट्टा करायची तर याहून सोपं गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि यमकांचा कारखाना म्हणून ती झालेलीही आहे. पण १०८ रामायणं म्हणजे एकच पुस्तक १०८ वेळा नव्हे. प्रत्येक वेळी पंतांनी स्वतःला नवी अडचण घालून घेतली आहे. 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटवणारं अक्षर घ्यायचं नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म सगळी बाद. रामाची कथा सांगायची आणि 'राम' म्हणायचं नाही! कुठे अक्षरांत मंत्र गुंफायचा, कुठे वृत्त बदलायचं. कथा ठाऊक असल्यामुळे सगळं लक्ष भाषेवर. मला हे वेड वाटत नाही, तालीम वाटते; गंगावेशीतला पैलवान रोज हजार जोर मारतो तेव्हा त्यातला कोणता जोर संस्मरणीय होता असं आपण विचारत नाही. या तालमीचं फळ 'केकावली'त दिसतं. पृथ्वी वृत्तातले जेमतेम सव्वाशे श्लोक, उतारवयातले मानले जाणारे, देवाला घातलेली हाक. मोरोपंतांचं जे काही आज प्रेमानं वाचलं जातं त्यात ही छोटी रचना पहिली येते. मोजक्याचा पुरस्कार करणाऱ्यांना ती जवळची वाटते. पण पन्नास-साठ हजार ओळी हातातून गेल्याशिवाय असा हात तयार होतो का, हे त्यांनी सांगावं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त मोरोपंतांच्या कवितेवर लिहिलं तेही उगाच नव्हे.

फडके आणि खांडेकर यांची नावं मराठीत जोडीनं घेतात ती भांडणासाठी. एक कलेसाठी कला म्हणणारे, दुसरे जीवनासाठी कला म्हणणारे. १९३८ मध्ये शिरोड्याची शाळा सोडून खांडेकर कोल्हापुरात आले आणि १९४९ मध्ये फडके राजाराम कॉलेजातून निवृत्त झाले. म्हणजे अकरा वर्षं हे दोघं एकाच गावात लिहीत होते. तत्त्वं एकमेकांच्या विरुद्ध, लेखणीचा वेग मात्र दोघांचाही जबर. विपुलता हे एखाद्या वाङ्मयीन भूमिकेचं लक्षण असतं तर असं झालं नसतं.

खांडेकरांचा हिशेब जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० ची. तिथून १९४२ च्या 'क्रौंचवधा'पर्यंत साधारण वर्षाला एक कादंबरी पडते, आणि जोडीला कथा, लघुनिबंध, टीकालेख. १९३६ च्या 'छाया'पासून मास्टर विनायकांच्या चित्रपटांच्या कथाही आल्या. १९४१ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. १९४२ साली कुणी रूढ फूटपट्टी लावली असती, तर 'वर्षाला एक कादंबरी, दुसरीकडे सिनेमा. संपला माणूस' असाच शेरा मारला असता. त्यानंतर 'अश्रू' येईपर्यंत, म्हणजे १९५४ पर्यंत, कादंबरी नाही. आणि मग १९५९ मध्ये 'ययाति'. पूर्वपक्ष इथं उसळून म्हणेल, बघा, थांबले तेव्हाच मोठं पुस्तक आलं! पण थांबले कुठे? 'कलिका'सारखे रूपककथांचे संग्रह याच मधल्या काळातले आहेत. कथा, निबंध, संपादनं चालूच होती. थांबली ती फक्त कादंबरी. आणि 'ययाति'त तीन माणसं आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात, तिघांचे आवाज वेगळे राहतात आणि गोष्ट तुटत नाही. हे ज्याच्या मागे डझनभर कादंबऱ्या, शेकडो कथा आणि पडद्यासाठी लिहिलेले संवाद आहेत अशाच माणसाचं काम वाटतं. तिला १९६० मध्ये साहित्य अकादमी मिळाली, पुढे खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. तमिळ वाचकांनी का. श्री. श्री. यांच्या अनुवादांतून खांडेकरांना आपला लेखक मानलं, ते काही एका 'ययाति'च्या जोरावर नव्हे. कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या वाचून. ते गेल्यानंतरही डॉ. सुनीलकुमार लवटे यांनी विखुरलेलं लेखन गोळा करून संग्रहांमागून संग्रह काढले. खांडेकर १९७६ नंतरही भरघोस लिहीतच आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

खेबूडकरांचं प्रकरण आणखी वेगळं. अडीच हजारांच्या वर चित्रपटगीतं त्यांच्या नावावर मोजतात. आकडा ऐकून नाक मुरडणाऱ्यानं आधी धंदा समजून घ्यावा. चित्रपटाला पाच-सहा गाणी लागतात. प्रसंग दिग्दर्शक सांगतो, चाल संगीतकार देतो, मीटर ठरलेलं असतं आणि रेकॉर्डिंगची तारीख कुणासाठी पुढे जात नाही. प्रतिभेची वाट पाहत बसलेल्या गीतकाराला दुसऱ्या चित्रपटाचं बोलावणं येत नाही. तिथं विपुलता ही कामाची अट आहे. विचारायचं ते एवढंच की त्या अटीत माणसाचा पल्ला किती होता. १९६५ च्या भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'मध्ये लोहाराच्या भात्यासमोरचं गाणं लिहिणारा हाच. १९७२ मध्ये शांतारामबापूंच्या 'पिंजरा'त राम कदमांच्या चालींवर फडाची लावणी लिहिणारा हाच, आणि त्याच वर्षी 'आम्ही जातो अमुच्या गावा'साठी सुधीर फडक्यांकडे प्रार्थना लिहून देणाराही हाच. शाळामास्तर असलेल्या माणसाच्या एका वर्षातला हा पल्ला. लावणी आणि प्रार्थना दोन्ही आजही गायली जातात, आणि गाणाऱ्यांपैकी निम्म्यांना दोन्हींचा कवी एकच आहे हे ठाऊक नसतं. साच्यातून नग काढणाऱ्याबाबत असं घडत नाही.

कोल्हापुरातच इतके बहुप्रसव कसे झाले, हा प्रश्नही टाळता येणार नाही, आणि त्याचं उत्तर मातीत किंवा पाण्यात शोधू नये. इथं मागणी होती. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा देशात सगळ्यांत आधी केला तो कोल्हापूर संस्थानानं, १९४५ मध्ये; मद्रासचा कायदा १९४८ चा आणि महाराष्ट्राचा थेट १९६७ चा. स्टुडिओ होते, कॉलेज होतं, शेजारी किर्लोस्करवाडीहून मासिक निघत होतं. दोन दिवसांआड 'पुस्तक बदलायला' जाणारा वाचक असेल तर कुणीतरी त्याच्यासाठी लिहिणारच. बाबा कदम दिवसा कोर्टात उभे राहत आणि कादंबऱ्या लिहीत. त्यांची पुस्तकं वाचनालयांच्या कपाटात फार काळ विसावत नसत. या व्यवस्थेचा लेखनावर बरावाईट परिणाम होतो, आणि तो अभ्यासण्याजोगा आहे. पण तसा अभ्यास करायचा तर ती पुस्तकं वाचावी लागतात.

इथल्या शेतकऱ्याला जे कळतं ते आपल्या टीकेला कळू नये याचं मला नवल वाटतं. उसाचं वजन काट्यावर होतं, साखर उतारा प्रयोगशाळेत निघतो. एकरी टनेज जास्त आहे म्हणून उतारा कमीच असणार, असं कुणी शहाणा काट्यावर उभा राहून ठरवत नाही. युरिया आणि पाणी बेसुमार दिलं तर वजन वाढून उतारा पडतो, हे खरं. पण तो मशागतीचा दोष, वजनाचा नव्हे. कोल्हापूरचा उतारा राज्यात वरचढ राहतो तो इथले लोक ऊस कमी लावतात म्हणून नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डीन कीथ सायमन्टन यांनी शास्त्रज्ञ आणि कलावंत यांच्या कारकिर्दी मोजून काढलेला निष्कर्ष याच दिशेचा आहे. ज्यांच्या नावावर उत्तम कृती जास्त, त्यांच्या नावावर एकूण कृतीही सहसा जास्त, आणि फसलेल्याही जास्त. अपवाद तेही मान्य करतात: थोडकंच करून जवळजवळ सगळं साधणारे असतात, आणि ढीग घालून काहीच न साधणारेही. पण अपवादांवरून कायदा करत नाहीत.

पूर्वपक्षाच्या पदरात मी काही टाकतो. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा आहेत. झुंजार आणि काळापहाड यांनी मराठी माणसाला वाचायची चटक लावली, हे ऋण मोठं आहे, पण त्या हजारांतून निवड करायला बसलं तर हात लवकर थांबतो. त्यांचं नाव घेताना नुसता आकडा मिरवणारे पूर्वपक्षाचीच चूक उलट्या बाजूनं करतात. फडक्यांच्याही अनेक कादंबऱ्यांत तोच देखणा नायक, तीच टेनिसची कोर्टं, तोच प्रेमाचा त्रिकोण परत येतो. पुनरुक्ती हा दोष आहेच. मात्र तो तीन पुस्तकं लिहिणाऱ्यालाही जडतो. मराठीत दोन संग्रहांत मिळून एकच कविता लिहिणारे कवी मी सांगू शकतो, सांगत नाही. त्या दोषासाठी संख्येला शिक्षा कशाला?

फडक्यांची गोष्ट तर अशी की, त्यांच्यावर 'फार लिहिलं' हा शेरा मारून आपण त्यांना वाचण्यातून सुटका करून घेतली आहे. सत्तरहून अधिक कादंबऱ्या, कथा, 'गुजगोष्टी'सारखे लघुनिबंध, 'प्रतिभासाधना'सारखा लेखनतंत्रावरचा ग्रंथ. यातून चाळून ठेवण्याजोगं काय, यावर मराठीत धड वादही झालेला नाही. मी माझी बाजू सांगून ठेवतो. लघुनिबंध सगळ्यांत आधी ठेवावेत. इतकं स्वच्छ, चालतं मराठी गद्य त्या पिढीत फार थोड्यांनी लिहिलं. 'प्रतिभासाधन' मतभेदांसकट ठेवावं. कादंबऱ्यांत 'दौलत' ठेवावी, आणि बेचाळीसच्या आसपासच्या राजकीय कादंबऱ्या पुन्हा वाचून ठरवावं. 'अटकेपार' मी ठेवणार नाही. हे वाचून करवीर नगर वाचन मंदिराचे जुने सभासद माझ्याशी भांडायला येतील. त्यांनी यावं, फक्त येताना पुस्तक बरोबर आणावं.